टेस्ट हिरवी, पण आतली कमांड फेल: शेल स्क्रिप्टमध्ये अपयश कोठे दडते ते शोधण्याचा क्रम

लक्षणे

खालीलपैकी एखादी गोष्ट तुमच्या शेल टेस्ट स्क्रिप्टबाबत घडत असेल, तर येथे दिलेला तपासणीचा क्रम तुमच्या उपयोगाचा आहे.

– लॉगमध्ये ‘कमांड नॉट फाउंड’ किंवा ‘परमिशन डिनाइड’ अशी ओळ स्पष्ट दिसते आणि तरीही शेवटी निकाल ‘पास’ असा येतो.
– ज्या प्रोग्रॅमची चाचणी चालली आहे तो मुद्दाम बिघडवला, किंबहुना मशीनवरून काढून टाकला, तरी टेस्ट पासच होते.
– आपल्या संगणकावर हाताने चालवलेली टेस्ट फेल होते, पण सीआय सर्व्हरवर, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, तीच टेस्ट हिरवी, म्हणजे पास, असते.
– नेहमी काही मिनिटे चालणारी टेस्ट काही सेकंदांत संपते आणि निकाल बदललेला नसल्याने कोणी तिच्याकडे पाहत नाही.
– ज्या दोन फाइलींची तुलना होऊन ‘सारख्याच आहेत’ असा निर्वाळा मिळाला, त्या उघडून पाहिल्या तर दोन्ही रिकाम्या निघतात.

ही लक्षणे वरवर वेगवेगळी दिसली तरी मूळ एकच आहे. प्रत्येक कमांड संपताना शेलला एक अंक परत देते, त्याला एक्झिट कोड म्हणतात. 0 म्हणजे यश आणि इतर कोणताही अंक म्हणजे अपयश. हा अंक कमांडपासून निघून स्क्रिप्टमार्गे टेस्ट चालवणाऱ्या रनरपर्यंत पोहोचला, तरच टेस्ट लाल होते. वाटेत तो कोठे तरी हरवला किंवा त्याच्या जागी दुसऱ्याच कमांडचा 0 आला, की अपयश दडले जाते. शेल हे मुळात टर्मिनलसमोर बसलेल्या माणसासाठी घडले आहे. अशा माणसाची एखादी कमांड चुकली तर तो चूक वाचतो आणि पुढची कमांड देतो. शेलने तेथेच बंद पडावे अशी त्याची अपेक्षा नसते. स्क्रिप्टमध्ये वाचणारा माणूस नसतो, पण शेलची वागणूक तीच राहते. म्हणून पुढील प्रत्येक तपासणीत प्रश्न एकच आहे: या ठिकाणी एक्झिट कोड पुढे जातो की येथेच संपतो?

पुढे कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करावीत. चिन्हे मात्र आहेत तशीच वापरायची आहेत.

पहिली तपासणी: कोड डोळ्यांनी पाहा

यासाठी काही बसवावे लागत नाही आणि पाच मिनिटेही लागत नाहीत. स्क्रिप्ट हाताने चालवा आणि ती संपताच, मध्ये दुसरी कोणतीही कमांड न देता, एवढेच लिहा ($? म्हणजे नुकत्याच संपलेल्या कमांडचा कोड):

    एको $?

लॉगमध्ये चूक दिसते आणि येथे 0 येतो, तर दोष स्क्रिप्टच्या आत आहे. येथे 1 किंवा दुसरा अंक येतो आणि तरीही सीआय हिरवे आहे, तर स्क्रिप्ट निर्दोष असून दोष ती चालवणाऱ्या व्यवस्थेत आहे. ही विभागणी आधी केली नाही तर चुकीच्या बाजूला शोध घेण्यात दिवस जातो. माझा असा दिवस एकापेक्षा अधिक वेळा गेला आहे.

अंक केवळ शून्य आहे की नाही एवढेच न पाहता तो कोणता आहे हेही लिहून ठेवा. 127 म्हणजे त्या नावाची कमांड सापडली नाही. 126 म्हणजे फाइल सापडली पण ती चालवता आली नाही. 128 पेक्षा मोठा अंक बहुधा असे सांगतो की प्रोग्रॅम स्वतःहून संपला नाही, त्याला सिग्नलने मारले. 128 वजा केले की सिग्नलचा क्रमांक मिळतो. त्यामुळे 139 म्हणजे सिग्नल 11, अर्थात मेमरीच्या चुकीने झालेला क्रॅश, आणि 137 म्हणजे सिग्नल 9, अर्थात बाहेरून सक्तीने बंद केलेला प्रोग्रॅम. टाइमआउट कमांडने वेळ संपल्यामुळे थांबवलेल्या कामाचा कोड 124 असतो. हे अंक पुढे दोन ठिकाणी उपयोगी पडणार आहेत.

दुसरी तपासणी: शेवटची ओळ आणि मुद्दाम लावलेली झाकणे

स्क्रिप्टमध्ये वेगळे काही सांगितलेले नसेल, तर संपूर्ण स्क्रिप्टचा एक्झिट कोड म्हणजे तिच्यातील शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड. शेवटी ‘चाचणी पूर्ण झाली’ असा संदेश छापणारी एको असेल, तर एको सहसा यशस्वीच होते आणि तिचा 0 हाच सगळ्या स्क्रिप्टचा निकाल ठरतो. शेवटी तात्पुरत्या फाइली पुसणारी ओळ असेल तरी तेच घडते. साफसफाई ट्रॅपमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणाऱ्या भागात, हलवावी. तेथे स्वतंत्र एक्झिट लिहिली नाही तर आधीचा कोड जसाच्या तसा टिकतो.

त्यानंतर स्क्रिप्टमध्ये ‘|| ट्रू’ आणि ‘2>/डेव्ह/नल’ या दोन गोष्टी शोधा. पहिली अपयशाचे रूपांतर यशात करते आणि दुसरी चुकीचा संदेश नाहीसा करते. दोन्ही एकाच ओळीवर असतील, तर त्या कमांडने काहीही केले तरी तुम्हाला कळणार नाही. यांपैकी काही ठिकाणे योग्यही असतात, उदाहरणार्थ जी फाइल कदाचित नसेलच ती पुसताना. पण अशा प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहिलेले असावे. कारण सापडत नसेल तर ते झाकण काढून टेस्ट पुन्हा चालवा.

स्क्रिप्टची पहिली ओळही पाहा. पुष्कळ जण शीबँगमध्येच, म्हणजे #! ने सुरू होणाऱ्या या पहिल्या ओळीतच, ‘बॅश -ई’ असे लिहितात; बॅश हे शेलचे नाव आणि -ई म्हणजे कमांड फसली की स्क्रिप्ट तेथेच थांबवा. ती फाइल थेट चालवली तर -ई लागू होते. पण कोणी ‘बॅश टेस्ट.एसएच’ असे लिहून चालवली, तर शीबँग केवळ एक टिप्पणी ठरते आणि -ई लागू होत नाही. म्हणून हा पर्याय पहिल्या ओळीत न ठेवता दुसऱ्या ओळीवर ‘सेट -ई’ असा स्वतंत्र लिहावा.

तिसरी तपासणी: शेलचेक चालवा

शेलचेक हा मोफत आणि मुक्त प्रोग्रॅम स्क्रिप्ट न चालवताच तिच्यातील संशयास्पद जागा दाखवतो. त्याच्या इशाऱ्यांपैकी आपल्या कामाचे चार क्रमांक असे: 2155, म्हणजे घोषणा आणि मूल्य देणे एकाच ओळीत केल्याने कोड हरवतो, 2164, म्हणजे फोल्डर बदलणारी सीडी फसली तर काय करायचे ते लिहिलेले नाही, 2251, म्हणजे ओळीच्या आरंभीचे ! हे चिन्ह सेट -ई ला निष्प्रभ करते, आणि 2312, म्हणजे दुसऱ्या कमांडच्या आत चालवलेल्या कमांडचा कोड झाकला जातो. यांतला शेवटचा इशारा आपोआप मिळत नाही, तो पर्याय देऊन चालू करावा लागतो. टेस्ट स्क्रिप्टसाठी तो नक्की चालू करावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र शेलचेकने काहीही दाखवले नाही म्हणून स्क्रिप्ट निर्दोष ठरत नाही, कारण अपेक्षित निकाल कोणता हे त्याला माहीत नसते.

चौथी तपासणी: पाइप

माझ्यापर्यंत आलेल्या अशा तक्रारींत बहुतेक वेळा दोष येथेच सापडला. पाइपने, म्हणजे एकीचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या | या चिन्हाने, जोडलेल्या कमांडच्या साखळीचा एक्झिट कोड हा फक्त शेवटच्या कमांडचा असतो. त्यामुळे लॉग ठेवण्यासाठी लिहिलेली ही साधी ओळ पाहा:

    मेक टेस्ट | टी लॉग.टीएक्सटी

येथे सगळ्या चाचण्या फेल झाल्या तरी आउटपुट दाखवून फाइलमध्येही लिहिणाऱ्या ‘टी’ला फाइल लिहिता आली म्हणजे निकाल 0 येतो. पहिल्या तपासणीत स्क्रिप्टचा कोड बरोबर होता आणि सीआय हिरवे होते, अशी तुमची स्थिती असेल तर सीआयच्या मांडणीत बहुधा अशीच एखादी ओळ सापडेल. गिटहब अॅक्शन्स या सीआय सेवेबाबत एक बारकावा ठाऊक असावा: लिनक्स रनरवर शेलचे नाव न लिहिता कमांड दिली तर ती ‘बॅश -ई’ने चालते, पण ‘शेल: बॅश’ असे स्पष्ट लिहिले तर पाइपफेलही (त्याचा अर्थ खाली आहे) चालू होते. म्हणजे वर दिलेली ओळ एका मांडणीत हिरवी आणि दुसऱ्या मांडणीत लाल होते, आणि दोन्हींत बॅशच वापरलेले असते.

एका ठिकाणी रात्रीच्या डेटाबेस बॅकअपची चाचणी माझ्याकडे तपासायला आली होती. तिच्यात दोनच ओळी होत्या:

    डंप | जीझिप > बॅकअप.जीझेड
    टेस्ट -एफ बॅकअप.जीझेड

डेटाबेसचा पासवर्ड बदलला गेला होता, डेटाबेसची प्रत काढणारी डंप पहिल्याच क्षणी फसत होती आणि ती प्रत दाबून लहान करणाऱ्या जीझिपला काहीही मिळत नव्हते. पण काहीच मिळाले नाही तरी जीझिप 20 बाइटची एक वैध फाइल तयार करते आणि 0 परत देते. फाइल अस्तित्वात होती. जीझिपच्या स्वतःच्या तपासणीतही ती सुस्थितीत ठरली असती. डेटा परत मिळवण्याची गरज पडली त्या दिवशी तेथे प्रत्येक रात्रीची 20 बाइटची एकेक फाइल ओळीने मिळाली. तेव्हापासून पाइपच्या डाव्या बाजूला महत्त्वाची कमांड दिसली की मी पुढे वाचत नाही, आधी तेवढी ओळ दुरुस्त करतो.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे ‘सेट -ओ पाइपफेल’. त्यामुळे साखळीतील कोणतीही कमांड फसली तरी संपूर्ण साखळी फसलेली मानली जाते. बॅशमध्ये हा पर्याय आवृत्ती 3.0 पासून आहे आणि पॉझिक्स या मानकाच्या 2024 च्या आवृत्तीत त्याला मान्यता मिळाली. तरी डेबियन आणि उबुंटूवर ‘एसएच’ या नावाने बॅश नव्हे तर डॅश चालते, आणि तेथे प्रचलित असलेल्या डॅशच्या आवृत्त्या हा पर्याय ओळखत नाहीत. त्यामुळे पाइपफेल वापरायचे असेल तर शीबँगमध्ये बॅशच लिहावे. पाइपफेलची एक उलटी अडचणही आहे. उजवीकडची कमांड आपले काम लवकर उरकून बंद झाली, जसे हेड किंवा ग्रेप -क्यू करते, तर डावीकडच्या कमांडला सिग्नल 13 मिळू शकतो आणि कोड 141 येतो. म्हणजे काहीही बिघडलेले नसताना टेस्ट लाल होते, तीही कधी होते आणि कधी होत नाही.

म्हणून टेस्टमध्ये मी दुसरा मार्ग पसंत करतो: पाइपच टाळावा. आधी कमांडचे आउटपुट फाइलमध्ये घ्यावे, त्या ओळीचा कोड तपासावा, आणि नंतर स्वतंत्र ओळीत त्या फाइलवर ग्रेप किंवा सॉर्ट चालवावे. एक ओळ वाढते, पण टेस्ट फेल झाल्यावर पाहण्यासाठी ती फाइल हाताशी राहते.

पाचवी तपासणी: डॉलर-कंसातील कमांड

कमांडचे आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेताना साध्या नेमणुकीत कोड टिकतो, पण तिच्यापुढे लोकल किंवा एक्सपोर्ट लिहिले की हरवतो:

    उत्तर=$(कमांड)
    लोकल उत्तर=$(कमांड)

पहिल्या ओळीचा निकाल म्हणजे कमांडचा निकाल. दुसऱ्या ओळीचा निकाल म्हणजे ‘लोकल’ या कमांडचा निकाल, आणि घोषणा करता आली एवढेच तो सांगतो. आधी ‘लोकल उत्तर’ अशी ओळ लिहून पुढच्या ओळीत नेमणूक केली की दोष जातो.

याहून घातक जागा तुलनेत असते. असे लिहिलेले मी वारंवार पाहिले आहे:

    टेस्ट "$(जुनी_कमांड)" = "$(नवी_कमांड)"

जुन्या आणि नव्या आवृत्तीचे उत्तर सारखे येते का, हे पाहण्याचा येथे हेतू आहे. पण दोन्ही कमांड फसल्या, समजा दोघींना लागणारी लायब्ररीच मशीनवर नाही, तर दोन्ही उत्तरे रिकामी येतात, रिकामे आणि रिकामे सारखेच असते आणि टेस्ट पास होते. पाचव्या लक्षणातील रिकाम्या फाइली याच कुळातल्या. येथे सेट -ई मदत करू शकत नाही, कारण ओळीची खरी कमांड ‘टेस्ट’ आहे आणि ती यशस्वी झालेली असते. दोन्ही उत्तरे स्वतंत्र ओळींत घ्यावीत, प्रत्येकीचा कोड पाहावा, उत्तर रिकामे नाही याची खात्री करावी आणि मगच तुलना करावी.

बॅशमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: बाहेर सेट -ई चालू असले तरी डॉलर-कंसाच्या आत ते बंद होते. आवृत्ती 4.4 पासून ‘इनहेरिट_एररएक्झिट’ हा पर्याय चालू करून ते आतही लागू करता येते.

सहावी तपासणी: ‘फसलेच पाहिजे’ असे सांगणाऱ्या टेस्ट

चुकीचा पासवर्ड दिला तर लॉगिन नाकारले गेले पाहिजे, लॉगमध्ये ‘एरर’ हा शब्द सापडता कामा नये, अशा उलट्या चाचण्या लिहिताना कमांडपुढे ! लावतात. या एका चिन्हाने दोन्ही बाजूंनी फसगत होते आणि म्हणून या तपासणीला वेळ द्यावा.

पहिली फसगत ‘का फसले’ हे न विचारल्यामुळे होते. पुढील ओळ घ्या:

    ! ग्रेप एरर सर्व्हर.लॉग

ग्रेपला शब्द सापडला तर ती 0 देते, सापडला नाही तर 1 देते, आणि फाइलच नसेल किंवा वाचता येत नसेल तर 2 देते. ! या चिन्हाला 1 आणि 2 यांतला फरक कळत नाही. दोन्हींचे ते 0 करते. त्यामुळे सर्व्हर सुरूच झाला नाही, लॉग तयारच झाला नाही, तर ‘लॉगमध्ये एरर नाही’ अशी ग्वाही देऊन टेस्ट पास होते. डिफचेही असेच आहे: फरक असेल तर 1, पण फाइल मिळाली नाही तर 2. लॉगिनच्या चाचणीत तर प्रोग्रॅम क्रॅश होऊन 139 आला, किंवा त्याचे नावच चुकीचे टाइप झाल्याने 127 आला, तरी ‘लॉगिन नाकारले’ असाच निष्कर्ष निघतो.

दुसरी फसगत याच्या अगदी उलट आहे. ! लावलेली कमांड सेट -ई च्या कक्षेतून वगळलेली असते. म्हणजे वरची ओळ स्क्रिप्टच्या मधोमध असेल आणि लॉगमध्ये खरोखरच ‘एरर’ सापडला, तरी स्क्रिप्ट थांबत नाही, पुढच्या ओळीवर जाते. ती ओळ कधीच फेल होऊ शकत नाही. सेट -ई लिहिले आहे म्हणून निश्चिंत असलेल्या माणसाला हे पटवणे कठीण जाते. त्यामुळे दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून त्याला प्रत्यक्ष दाखवावे.

उपाय असा की अपेक्षित अंक नेमका तपासावा. कमांड चालवून कोड एका व्हेरिएबलमध्ये घ्यावा:

    कोड=0
    ग्रेप एरर सर्व्हर.लॉग || कोड=$?
    टेस्ट "$कोड" -ईक्यू 1

गिट या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या चाचण्या शेलमध्येच लिहिलेल्या आहेत आणि त्यांत या प्रश्नाची फार विचारपूर्वक सोय केलेली आहे. तेथे गिटच्या कमांडपुढे ! न लावता ‘टेस्ट_मस्ट_फेल’ हे फंक्शन वापरतात. कमांड सभ्यपणे फसली तरच ते समाधान मानते. ती सिग्नलने मेली किंवा सापडलीच नाही तर टेस्ट फेल करते. कोणत्याही प्रकल्पात असे फंक्शन दहा-बारा ओळींत लिहून होते आणि माझ्या मते उलट्या चाचण्या असलेल्या प्रत्येक संचात ते असायलाच हवे. बॅट्स ही शेल टेस्टची चौकट वापरणाऱ्यांनी एवढे पाहावे की ‘रन’ ही कमांड कोड स्वतःजवळ साठवते आणि स्वतः फसत नाही. पुढच्या ओळीत ‘स्टेटस’ तपासले नाही तर ती टेस्ट काहीच तपासत नाही.

सातवी तपासणी: सेट -ई कोठे बंद पडते

येथपासून काम अवघड होते, कारण दोष एका ओळीत दिसत नाही. ती ओळ कोठून बोलावली गेली यावर तो अवलंबून असतो. इफ किंवा व्हाइलच्या अटीत, ! च्या पुढे, आणि && किंवा || च्या साखळीत (पहिले चिन्ह आधीची कमांड यशस्वी झाली तर आणि दुसरे ती फसली तर पुढची चालवते) शेवटची सोडून इतर कोणत्याही जागी असलेल्या कमांडला सेट -ई लागू होत नाही. हे येथपर्यंत समजण्यासारखे आहे. पण तेथे एखादे फंक्शन बोलावले असेल, तर त्या फंक्शनच्या आतील प्रत्येक ओळीलाही ते लागू होत नाही, अगदी फंक्शनच्या आत पुन्हा सेट -ई लिहिले तरीसुद्धा.

    तयारी() {
      सीडी "$कामाची_जागा"
      आरएम -आरएफ जुने
    }
    तयारी || एको "तयारी फसली"

शेवटच्या ओळीतील || हे सावधगिरी म्हणून लिहिलेले असते, आणि त्याच्यामुळेच सीडी फसली तरी पुढची, फाइली पुसणारी आरएम चालते, तीही भलत्याच फोल्डरमध्ये. अशा फंक्शनमध्ये प्रत्येक ओळ && ने जोडावी किंवा सीडीपुढे ‘|| रिटर्न 1’ लिहावे. मॅकओएससोबत येणाऱ्या बॅश 3.2 मध्ये तर दुहेरी चौकटी कंसातील तपासणी फसली तरी सेट -ई थांबत नाही. लिनक्सवर लाल आणि मॅकवर हिरवी अशी टेस्ट असेल तर आधी हे पाहा.

लहान टेस्टमध्ये मी सेट -ई वर विसंबत नाही, सगळ्या ओळी && ने जोडतो; गिटच्या चाचण्यांतही हाच नियम आहे. यात धोका एवढाच की एखाद्या ओळीच्या शेवटी && लिहायचे राहून जाते आणि साखळी तेथे तुटते. ही तूट शोधण्याची गिटमध्ये 2015 साली आलेली युक्ती मला फार आवडते. टेस्टच्या साखळीपुढे 117 हा कोड देऊन फसणारी एक कमांड जोडतात. साखळी अखंड असेल तर पुढचे काहीच चालत नाही आणि 117 तसाच बाहेर येतो; कोठे && राहिले असेल तर तेथून पुढच्या कमांड चालू लागतात आणि 117 च्या जागी दुसरा अंक येतो. लूप किंवा कंसातील उपशेलच्या, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीच्या, आतली तूट मात्र या युक्तीने सापडत नाही.

आठवी तपासणी: लूप, पार्श्वभूमीतील कामे आणि दूरची मशीन

फॉर लूपचा कोड हा शेवटच्या फेरीचा कोड असतो. दहा फाइलींपैकी नऊ फसल्या आणि दहावी पास झाली तर लूप पास. प्रत्येक फेरीत ‘|| फेल=1’ लिहून शेवटी त्या व्हेरिएबलप्रमाणे एक्झिट करावे. पण यादी पाइपने व्हाइल लूपला दिली असेल तर बॅशमध्ये तो लूप सहसा उपशेलमध्ये चालतो आणि आतला ‘फेल=1’ बाहेर येताच नाहीसा होतो; यादी फाइलमध्ये ठेवून ती < ने लूपला द्यावी.

लूप एकदाही फिरला नाही तरी निकाल यशस्वीच असतो, म्हणून किती चाचण्या चालल्या ती संख्या मोजावी. 1987 मध्ये पर्लच्या पहिल्या आवृत्तीसोबत सुरू झालेल्या टॅप या निकालपद्धतीत ‘1..12’ असा आराखडा छापावा लागतो तो याचसाठी: बारा सांगितल्या आणि सातच आल्या तर रनर फेल करतो. टेस्ट अचानक लवकर संपण्याच्या लक्षणावर यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

& लावून पार्श्वभूमीत सोडलेल्या कामासाठी नुसते ‘वेट’ लिहिले तर ते 0 देते; प्रत्येक कामाचा क्रमांक साठवून तो वेटला द्यावा लागतो. ‘फाइंड’मधील -एक्झेक ची ओळ \; ने संपत असेल तर आतील कमांडचे अपयश फाइंडच्या कोडमध्ये येत नाही, + ने संपत असेल तर येते. एसएसएचने दूरच्या मशीनवर अर्धविरामाने जोडलेल्या दोन कमांड दिल्या तर दुसरीचाच कोड परत येतो. जोडणीच झाली नाही तर 255 येतो.

नववी तपासणी: मुद्दाम बिघाड करून पाहा

ही सर्वांत कष्टाची आणि सर्वांत खात्रीची तपासणी आहे. एक तात्पुरते फोल्डर तयार करा. ज्या कमांडची परीक्षा घ्यायची तिच्या नावाची, फक्त ‘एक्झिट 1’ करणारी फाइल त्यात ठेवा, ती चालवता येईल अशी परवानगी द्या आणि ते फोल्डर पाथमध्ये, म्हणजे शेल जेथे कमांड शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, सर्वांत आधी लावा. आता टेस्ट चालवली की ती लाल झालीच पाहिजे. हिरवी राहिली तर त्या कमांडचा कोड कोठे तरी हरवतो आहे, आणि वरच्या आठ ठिकाणांपैकी कोणते ते, चालणारी प्रत्येक कमांड छापणारे ‘सेट -एक्स’ लावून ओळीने पाहता येते. स्क्रिप्टमधील प्रत्येक महत्त्वाच्या कमांडसाठी हे करा. त्यानंतर उलट्या चाचण्यांसाठी तीच फाइल ‘एक्झिट 139’ करणारी बनवा. क्रॅशला अपेक्षित अपयश समजणाऱ्या टेस्ट तेथे उघड्या पडतात. पूर्ण पत्ता देऊन बोलावलेल्या आणि शेलच्या अंगच्या कमांडवर ही युक्ती चालत नाही, त्या ओळी हाताने बदलाव्या लागतात. हे सगळे वेगळ्या प्रतीवर करावे, मूळ स्क्रिप्टवर नाही.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

कोड 139 किंवा 134 दिसला तर स्क्रिप्ट दुरुस्त करणे थांबवा. प्रोग्रॅम क्रॅश होत आहे. टेस्टने ते दाखवणे हेच तिचे काम आहे, आणि पुढचे काम तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे आहे. 137 दिसला तर सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरकडे जा; मेमरी संपल्यामुळे कर्नलने प्रोग्रॅम मारला का हे कर्नलच्या लॉगमध्ये कळते.

स्क्रिप्ट खऱ्या डेटाबेसला किंवा चालू सर्व्हरला हात लावत असेल तर तिच्यात सेट -ई घालण्याचा प्रयोगही स्वतः करू नका. आजवर चुकांकडे दुर्लक्ष करून शेवटपर्यंत पोहोचणारी स्क्रिप्ट आता मध्येच थांबेल, आणि अर्धवट झालेले बदल किंवा अडकलेले लॉक सोडवण्यासाठी डेटाबेस सांभाळणारा माणूस तुमच्या शेजारी असायला हवा. बॅकअपची टेस्ट अपयश दडवत होती असे आढळले तर टेस्ट नंतर दुरुस्त करा. आधी त्या माणसाला कळवून आजच्या आज एक बॅकअप घ्या आणि तो परत चढवून पाहा.

सीआयच्या रनरची मांडणी बदलण्याचा अधिकार तुमच्याकडे नसेल तर स्क्रिप्टमध्ये पळवाटा न लिहिता तो विषय संबंधित गटाकडे द्या. आणि एखाद्या स्क्रिप्टवर पूर्ण दिवस घालवूनही कोड कोठे हरवतो हे सापडले नाही, विशेषतः तिच्यात ट्रॅप, पार्श्वभूमीतील कामे आणि एकमेकांना बोलावणारी फंक्शने एकत्र असतील, तर शेलमध्ये मुरलेल्या माणसाला ती दाखवा किंवा ती टेस्ट पायथनसारख्या भाषेत पुन्हा लिहिण्याचा निर्णय त्याच्यासोबत घ्या.

त्यांच्याकडे जाताना चार गोष्टी सोबत न्या: पहिल्या तपासणीत मिळालेला नेमका अंक, सेट -एक्स लावून घेतलेला संपूर्ण लॉग, शेलचे नाव आणि आवृत्ती, आणि नवव्या तपासणीत कोणती कमांड बिघडवली असता टेस्ट हिरवी राहिली तिचे नाव.